सात किलो जास्तीचे

आमच्या दोन दुकानांमध्ये एक फळ्यांची भिंत आहे. भिंत आपली म्हणायला. पलीकडे मावशीने चाकाची तार वाजवली की इकडे मला ऐकू येते, आणि माझं मशीन सुरू झालं की तिला तार ऐकू येत नाही, म्हणून ती भिंतीवर मूठ आपटते. मग मी थांबतो. एकोणीस वर्षं असं चाललंय.

ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, तरी मी तिला मावशी म्हणतो. तिची भाची लहानपणी शाळा सुटली की दुकानात येऊन बसायची आणि तिला सारखी हाक मारायची. ती ऐकून ऐकून गल्लीने तेच नाव उचललं. मी शिंपी. मला ती मास्टर म्हणते.

मावशी सायकली विकत नाही, पंक्चर काढत नाही, घंटी बसवून देत नाही. ती फक्त चाकं बांधते. मधला हब, बाहेरची रिम आणि त्यांना जोडणाऱ्या अठ्ठावीस तारा, कधी चोवीस, कधी बत्तीस. एकेक तार पाव पाव फेरा आवळायची, नखाने वाजवून बघायची, सगळ्या एका सुरात आल्या की चाक झालं. डोंगरवाटांवर शर्यती लावणारी मंडळी लांबून तिच्याकडे येतात. आल्या आल्या बहुतेक जण एकच विचारतात, ‘सगळ्यात हलकं कुठलं?’ मावशी आधी त्यांच्या पोटाकडे बघते, मग दाराबाहेर बघते, आणि काही बोलत नाही. गिऱ्हाइकाशी गोड बोलावं हे तिला कुणी शिकवलेलं नाही, आणि आता शिकवायची कुणाची छाती नाही.

तिचे प्रश्न तीन. वजन किती? वाट कुठली, दगडांची की मातीची? ब्रेक उतारावर मारता की वळणावर? उत्तरं ऐकून ती रिम निवडते, तारा निवडते आणि रिमच्या आतल्या बाजूला मार्करने स्वाराचं वजन लिहून ठेवते. त्यावर चिकटपट्टी बसते, तिच्यावर टायर. पुढेमागे चाक दुरुस्तीला आलं तर आकडा हाताशी असतो.

फक्त तो आकडा गिऱ्हाइकाने सांगितलेला नसायचा. त्यात सात मिळवलेले असायचे.

त्याला कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका बेकरीवाल्याने पंच्याऐंशी सांगितले. तिने विश्वास ठेवून नाजूक चाक बांधलं. माणूस निघाला जवळजवळ शंभराचा. उतारावर मागचं चाक दुमडलं आणि त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. तेव्हापासून ती सरसकट सात मिळवू लागली. दुकानात काटा ठेवला असता तर प्रश्नच मिटला असता. पण तिचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे, आणि माणसाला काट्यावर चढवायचं नाही, काटा मालासाठी असतो, हे त्यांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. म्हणजे तिच्या मते हे सात किलो म्हणजे माणुसकी होती. समोरच्याला खोटं पाडायचं नाही, आपणच गुपचूप दुरुस्त करून घ्यायचं.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझंही तेच. माप घ्यायला टेप कमरेला लावली की लोक पोट आत ओढतात. मी दोन बोटं जास्त धरतो आणि मूग गिळून बसतो. माझ्या सायकलचं चाक बांधताना मावशीला मी स्वतःचं वजन ऐंशी सांगितलं होतं. खरं किती ते इथे सांगत नाही, पुढे सांगतो.

त्या वर्षी थंडी ओसरल्यावर भाची नवीन चाकांची जोडी ठरवायला आली. मावशीच्या थोरल्या बहिणीची मुलगी, वय तेवीस, चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात नोकरीला. सुट्टीच्या दिवशी शर्यती. जंगलातली पायवाट, मुळं, दगड, चढ, आणि दीड तास दमछाक करणारं काम. आधीची चाकं मावशीनेच दोन वर्षांपूर्वी बांधून दिली होती, ॲल्युमिनियमच्या रिमची, अठ्ठावीस तारांची. मी तेव्हा अकराच्या चहाला तिकडेच होतो.

भाचीने भिंतीवरची एक कार्बनची रिम काढून हातात तोलली. ‘ही. चोवीस तारा.’

‘चोवीस कशाला? तुझ्या वाटेवर दगड आहेत.’

‘चढावर अर्धा किलो वाचतो, मावशी.’

‘वजन किती तुझं?’

‘पंचावन्न.’

मी चहात बघत होतो. त्या मुलीची शर्यतीची पँट मी हिवाळ्यात दोनदा आत घेतली होती. एकदा दीड इंच, मग परत एक इंच. लोकांची कंबर कमी होते, कुणाची वाढते. मी दोरा ओवतो. चौकशा करणं माझं काम नाही, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

मावशीने मार्कर हातात घेतला आणि परत ठेवला. भाचीची सायकल स्टँडला लावली. पुढच्या चाकाच्या वर जो शॉकअप असतो, त्यात हवा भरलेली असते, आणि ती स्वाराच्या वजनाप्रमाणे भरतात. कुणाला किती, त्याचा तक्ता तिथेच चिकटवलेला असतो. मावशीने छोटा पंप लावला आणि पंपाच्या काट्यावरचा आकडा वाचला. मग तक्त्यात बोट फिरवून बघितलं. हवा पंचावन्नाला लागते त्याहून बरीच कमी होती.

‘गळतोय का हा?’

‘नाही. कडक लागत होता, म्हणून मीच हवा कमी केली.’

मावशीने तक्त्याप्रमाणे पंचावन्नाची हवा भरली. नळीवरची काळी रबरी रिंग खाली सरकवली आणि म्हणाली, ‘बस.’ भाची बसली. शॉकअप दबतो तेवढी ती रिंग वर ढकलली जाते. ‘उतर.’ ती उतरली. वजन पंचावन्न असतं तर रिंग नळीवरच्या खुणेपर्यंत जायला हवी होती, बसणारा हलका असला की ती खालीच राहते. ती जेमतेम निम्म्यावर गेली होती.

तिघांनीही रिंगकडे बघितलं. मी नंतर कपाकडे बघितलं.

‘हे पंचावन्न नाहीत,’ मावशी म्हणाली.

‘तू लिही ना तुला हवं ते. नाहीतरी वाढवूनच लिहितेस.’

‘काय?’

‘मागच्या चाकाची पट्टी मी स्वतः बदलली होती. आत सहासष्ट लिहिलंय.’ मुलीचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. ‘मी तुला एकोणसाठ सांगितलं होतं, मावशी. खरं सांगितलं होतं. तुला मी सहासष्ट दिसले.’

मावशी तिथेच स्टुलावर बसली. तिला असं हात मोकळे ठेवून बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

‘सगळ्यांनाच मिळवते मी सात,’ ती म्हणाली. ‘मास्टरांना विचार.’

‘मी सगळ्यांतलीच होते का?’

सगळे खोटं बोलतात असं धरून चाललं की जो खरं बोलतो त्याच्यावरच अन्याय होतो, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांना इतक्या वर्षांत सुचली नव्हती. मुलीने दोन वर्षं तो आकडा मनात ठेवला होता आणि पानातलं कमी करत गेली होती. वाईट वाटलं मला, आणि थोडा रागही आला, मुख्यतः स्वतःचा.

मावशी उठली. भाचीच्या हातातली कार्बनची रिम घेतली आणि जागेवर टांगली. दुसरी काढली, तीही कार्बनचीच, पण अठ्ठावीस भोकांची.

‘ही बांधते. एकोणसाठ किलोची.’

‘मी पंचावन्न सांगितलंय.’

‘ते खोटं आहे. तुझं एकच खरं वजन माझ्याकडे आहे, तू दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं. त्याचीच चाकं बांधणार. तेवढी झालीस की घेऊन जा. त्याआधी देणार नाही.’

‘दुसरी दुकानं आहेत.’

‘आहेत की.’

भाची सायकल घेऊन गेली. कप मीच विसळले.

चाकं चार दिवसांत झाली. एरवी बांधलेलं चाक मावशी भिंतीला लावून मोकळी होते. ही जोडी तिने दारासमोरच्या खुंटीला टांगली. दररोज दुपारी उतरवायची, स्टँडवर फिरवायची, आउट काढायची, म्हणजे चाक कुठे डगमगत असेल तर तारा आवळून सरळ करायचं, आणि परत टांगायची. न वापरलेल्या चाकात आउट कुठून येणार? पण तारा वाजायच्या आणि मी मशीन थांबवायचो, मूठ न आपटताच.

तिने सात मिळवणंही सोडलं. आता म्हणायची, ‘सांगाल तेवढ्याचंच बांधीन. मोडलं तर माझ्याकडे यायचं नाही.’ लोक खरं सांगू लागले. एका सकाळी मीही जाऊन सांगितलं, ‘मावशी, ब्याण्णव.’ ती म्हणाली, ‘माहितीय. मी नव्वद धरले होते.’ म्हणजे मला तिने सात नाही, दहा मिळवले होते.

तीन आठवड्यांनी भाची आली, पण मावशीकडे नाही, माझ्याकडे. हातात तीच पँट.

‘मास्टर, कमरेला सैल होतेय.’

मी पँट उलटी केली. शिवणीला कापड भरपूर होतं. या धंद्यात मी आत घ्यायला कधी नाही म्हटलेलं नाही.

‘हिला आता मी आत घेणार नाही,’ मी म्हणालो. ‘शिवण सोडून मोठी करायची झाली तर आण. दोनदा घेतली तेव्हाच विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं.’

ती गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. हिवाळा संपून महिना होऊन गेला होता, तरी तिच्या अंगात दोन स्वेटर होते. पलीकडून तारांचा आवाज यायला लागला, एकेक, सावकाश.

‘कुणाची बांधतेय?’

‘तुझीच. बांधून कधीच झाली. रोज काढून बघते.’

‘कशासाठी?’

‘ते तिला विचार.’

त्या दिवशी तिने विचारलं नाही. पँट मात्र माझ्याकडेच विसरून गेली. किंवा ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात मावशीला बहिणीचा फोन आला, की पोरीने स्वतःहून डॉक्टरांचा विषय काढला आणि दोघी जाऊन आल्या, आणि यंदा शर्यती बंद. मावशीने मला हे भिंतीपलीकडूनच सांगितलं. तिचा आवाज जरा वेगळा होता, म्हणून मी उठून तिकडे गेलो नाही.

भाची आली ती पाच महिन्यांनी, सायकल घेऊन. खुंटीवरची जोडी बघत उभी राहिली. मावशीने चाकांना अजून आतली पट्टी लावलेली नव्हती. रिमच्या पोटात काळ्या मार्करने लिहिलेला आकडा दारातूनही वाचता येत होता. एकोणसाठ.

कुणी वजन विचारलं नाही. मावशीने शॉकअपला पंप लावला, एकोणसाठची हवा भरली आणि रिंग खाली सरकवली. भाची बसली. उतरली. तिघांनी वाकून बघितलं. रिंग खुणेच्या खाली राहिली होती, अर्धं बोट.

मावशीचं तोंड उघडलं. मला वाटतं, ती देते म्हणणार होती. अर्ध्या बोटाने चाकाचं काही बिघडत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

‘अजून नाही,’ भाचीच म्हणाली.

तिने सायकल भिंतीला टेकवली, खुंटीवरची चाकं नीट सरळ केली, आकडा दाराकडे येईल अशी. मग माझ्याकडे वळली.

‘मास्टर, माझी पँट आहे ना तुमच्याकडे? शिवण सोडून ठेवा.’

‘किती सोडू?’

तिने थोडा विचार केला.

‘तुम्ही टेप आणा,’ ती म्हणाली, आणि हात बाजूला घेऊन, पोट आत न ओढता उभी राहिली.