तिसऱ्या रांगेतली आई

चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम ती नऊ वर्षं करत होती. हात असा बसलेला की मालक गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचे, "आमच्याकडच्या मुलीनं बसवलेली काच हलली तर दुकान तुमच्या नावावर करतो." वडील गेल्यावर मात्र एका महिन्यात तिच्याकडून चार काचा फुटल्या. झोप उडाली होती.  मालक रागावले नाहीत. "विहारात दर रविवारी सकाळी तरुण मंडळी ध्यानाला बसतात. जाऊन तर बघ," एवढंच म्हणाले.

ती गेली. वरच्या मजल्यावरचा हॉल, सतरंज्या, पंचवीसेक जण. शिकवणारा तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, एरवी शाळेत चित्रकला शिकवायचा. सगळे त्याला दादा म्हणत. पहिल्याच दिवशी मागच्या रांगेतला एक जण घोरायला लागला. दादा डोळे न उघडता म्हणाला, "हा आपल्या सगळ्यांच्या पुढे निघून गेला." हॉलभर खसखस पिकली. कितीतरी दिवसांनी तीही हसली.

ध्यान झालं की सगळे गोल करून बसायचे. ज्याला मन मोकळं करायचं त्यानं करायचं. नियम एकच, आणि दादा तो दर वेळी सांगायचा: इथलं इथंच राहील. आठ महिने ती नुसती ऐकत राहिली. हळूहळू झोप यायला लागली, काचा फुटायच्या थांबल्या. नव्या मुलींना ध्यानाला बसवायचं कामही दादानं तिच्यावर सोपवलं. मग एका रविवारी तिनं तोंड उघडलं.

वडील दवाखान्यात होते. दुपारी त्यांच्याजवळ थांबायची पाळी तिची. डबा घ्यायला घरी आली आणि जरा पाठ टेकावी म्हणून आडवी झाली. फोनचा आवाज बंद केला. मुद्दाम. आजारपणात वडील दर पाच मिनिटांनी फोन करायचे, तिला वीट आला होता. जाग आली तेव्हा दोन तास होऊन गेले होते. त्यांचे सात फोन येऊन गेले होते. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. आईला तिनं सांगितलं, फोन बिघडला होता.

बोलून झाल्यावर कुणी काही विचारलं नाही. त्या दिवशी जिना उतरताना तिला अंग पिसासारखं हलकं वाटलं.

ध्यानाच्या या मंडळाला पाच वर्षं झाली म्हणून मेळावा ठरला. विषय, मनाचं आरोग्य. खुर्च्या लावायला ती सकाळपासून राबली. आईला आग्रहानं बोलावून तिसऱ्या रांगेत बसवलं. दादा बोलायला उठला. बोलता बोलता म्हणाला, "आमच्यात एक मुलगी आहे. चष्म्याच्या काचा घासते..."

तिला वाटलं, थांबेल. थांबला नाही. डबा, बंद केलेला आवाज, सात फोन, आईला मारलेली थाप, सगळं जसंच्या तसं, आणि मध्ये मध्ये नेमक्या जागी थांबत. लोक मुसमुसायला लागले. टाळ्या पडल्या. आई पर्स मांडीवर घट्ट धरून समोर बघत होती.

चहाच्या टेबलामागे तिनं दादाला गाठलं. "आई बसली होती समोर."

त्याचा चेहरा उतरला, मग तो सावरला. "नाव कुठं घेतलं मी? आणि आत्ता तिघं जण येऊन म्हणाले, आम्हालाही बोलायचंय. तुझ्यामुळं!"

"माझ्यामुळं नाही. बोललास तू."

"हा राग आहे ना, त्याच्याकडे जरा शांतपणे बघ—"

"दादा, ते नको. निदान आत्ता ते नको."

दोघी घरी आल्या. दारात चपला काढता काढता आई म्हणाली, "म्हणजे फोन बिघडला नव्हता."

"नाही."

"पंचवीस परक्या माणसांना ठाऊक होतं. मला नाही."

"तुझी भीती वाटायची, आई."

"चिडले असते मी. वर्षभर बोललेही नसते कदाचित. पण मी चिडले असते ना! माझ्या वाट्याचं रागावणं, माफ करणं तुम्ही सगळ्यांनी परस्पर उरकून टाकलंत."

ज्या नजरेनं तिनं तासाभरापूर्वी दादाकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं आई तिच्याकडे बघत होती. 

पुढच्या रविवारी ती विहारात गेली, गोलात बसली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "इथलं बाहेर गेलं. मला न विचारता."  मग दवाखान्यात नर्स असलेली एक जण हळूच म्हणाली, "दादा, मी इथं बोललेलं माझ्या नवऱ्याचंही तुम्ही दुसरीकडे सांगितलंत. माझ्या बहिणीनं ते ऐकलं, मला येऊन सांगितलं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं असेल."

दादा सतरंजीकडे बघत म्हणाला, "चुकलं असेल माझं तर—"

"'असेल' नको," ती म्हणाली, आणि उठून आली. पुन्हा गेली नाही. फोनवर दादाचे निरोप येत राहिले, तिनं उघडले नाहीत. गोल मोडला, असं नर्सनं नंतर सांगितलं. आता तिथं फक्त ध्यान होतं आणि सगळे मुकाट्यानं घरी जातात.

आई तीन आठवडे कामापुरतं बोलली. मग एका दुपारी दुकानात आली, मागच्या खोलीत स्टुलावर बसली. "आता मला सांग. पहिल्यापासून."

तिनं मशीन बंद केलं आणि सांगितलं. गाळलं काही नाही. आईनं मध्ये अडवलं नाही, जवळही घेतलं नाही. शेवटी म्हणाली, "सात वेळा फोन केला म्हणजे... काय सांगायचं असेल गं त्यांना?"

"माहीत नाही, आई."

आईनं पदरानं डोळे टिपले. "मी अजून रागावलेलीच आहे," ती म्हणाली. बाहेरून मालकांनी गिऱ्हाइकाचा चष्मा आत दिला, तरी आई स्टुलावरून उठली नाही.