दोन मिनिटं दहा सेकंद

अस्तरवाल्या मावशींचा हात कसा चालतो ते दाखवायला सुपरवायझर नव्या बायकांना मुद्दाम त्यांच्या टेबलापाशी उभं करायचा. कारखाना चाकांच्या प्रवासी बॅगा बनवायचा. बनवायचा म्हणजे काय, बॅगेची टणक टरफलं एका देशातून एकात एक घालून यायची, चाकं आणि दांडे दुसऱ्या देशातून यायचे, आणि इथं ते सगळं जोडून आतून कापडाचं अस्तर शिवलं की झाली बॅग. त्यात अस्तराचं काम सगळ्यांत किचकट. लांब मानेच्या मशीनखाली टरफल फिरवत न्यायचं आणि चारही कोपऱ्यांवर कापडाला चुणी पडू द्यायची नाही. नव्या बाईला एका बॅगेला दहा-बारा मिनिटं लागायची आणि वर निम्मे कोपरे उसवावे लागायचे. मावशींनाही पहिल्या वर्षी तेवढीच लागली होती. एकोणीस वर्षांत हात असा बसला की त्या दोन मिनिटं दहा सेकंदांवर आल्या, आणि हे त्या कुणी न विचारताच सांगायच्या.

माणसाला मिरवायला काहीतरी लागतं. कुणी दागिने मिरवतं, कुणी जावई. मावशींकडे दोन मिनिटं दहा सेकंद होती, आणि ती त्यांनी कुणाकडून उसनी आणली नव्हती.

त्यांचा नवरा पूर्वी सरहद्दीवरच्या कस्टमच्या नाक्यावर होता. ट्रक आला की कागद तपासायचे, शिक्का मारायचा, आडवा दांडा वर करायचा. मग शेजारशेजारच्या सरकारांनी मिळून एक गट केला, आपसातल्या मालावर कर नको असं ठरवलं, लांबच्या श्रीमंत देशांच्या गटाशीही करार केला, आणि एका सकाळी माणसं येऊन तो दांडाच उपटून घेऊन गेली. नाका गेला तरी लोक त्याला नाकेदारच म्हणत राहिले. गंमत अशी की त्याच करारामुळे बॅगांचा कारखाना इथं आला, कारण इथली बॅग श्रीमंत गटात बिनकराची जाणार होती. एका सहीनं नवरा घरी बसला आणि त्याच सहीनं बायको कामाला लागली. नाकेदार म्हणायचा, "सरकारनं आमच्या घरातल्या घरात बदली केली."

तेव्हापासून घर मावशींच्या हातावर चालत होतं. एकुलती एक लेक नर्सिंग शिकत होती. चार वर्षांचा कोर्स, दोन झाली होती, दोन उरली होती. तेवढी दोन वर्षं आपला हात चालावा, यापलीकडे मावशींचं काही मागणं नव्हतं.

अशात एक दिवस सुपरवायझरनं सगळ्यांना गोळा केलं. श्रीमंत देशांच्या गटाकडून अधिकारी पाहणीला येणार होते. "त्यांच्या होकारावर कारखाना चालतो, हे ध्यानात ठेवा," तो म्हणाला. "आणि त्या दिवशी सावकाश काम करा. कुणी घाई करायची नाही."

सावकाश करा हे ज्यांच्या कोपऱ्यांना चुण्या पडतात त्यांच्यासाठी, असं मावशींनी गृहीत धरलं. का सावकाश, ते सुपरवायझरनं सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

पाहणीला एक उंच बाई आल्या, सोबत दुभाषी. त्या प्रत्येक टेबलापाशी थांबत, बघत, वहीत लिहीत. मावशींच्या टेबलापाशी आल्या तेव्हा मावशींनी सांगितल्याप्रमाणे सावकाश सुरुवात केली. पण सावकाश चालवायची त्यांच्या हाताला सवयच राहिली नव्हती. पहिल्याच कोपऱ्याला कापड थांबलं, गोळा झालं आणि चांगली बोटभर चुणी पडली. एवढ्या वर्षांत कुणी पाहुणं समोर उभं असताना त्यांच्या हातून चुणी पडली नव्हती. मावशींचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी ती बॅग बाजूला सारली, दुसरी ओढली आणि आपल्या पद्धतीनं फिरवून मोकळ्या झाल्या.

बाई हसल्या. त्यांनी दुभाष्यामार्फत विचारलं, "रोज एवढ्याच वेळात होतं?"

"रोज," मावशी म्हणाल्या. "अंगात ताप असला तरी. खोटं वाटत असेल तर घड्याळ लावा म्हणावं."

बाईंनी खरंच घड्याळ लावलं. तीन बॅगांना लावलं. मागं उभा असलेला सुपरवायझर रुमालानं मान पुसत होता आणि मावशींना वाटलं, उकडत असेल. जाताना बाईंनी त्यांचा हात हातात घेऊन कौतुक केलं.

संध्याकाळी चहा पिता पिता मावशींनी ही हकीकत रंगवून सांगितली. लेक हसत होती. नाकेदारानं मात्र हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तू वेळ किती सांगितलीस?"

"सांगायचं काय त्यात? त्यांनीच मोजली. दोन मिनिटं दहा सेकंद. एकदा तर आठ."

"आणि मालकानं कागदावर किती लिहिली असेल?"

हे मावशींना कुठून माहीत असणार? पण नाकेदारानं नाक्यावरची सगळी वर्षं असल्या कागदांवर शिक्के मारण्यात घालवली होती. तो हळूहळू बोलायला लागला. बाहेरून आलेल्या तुकड्यांची बॅग इथली कधी धरायची याचा त्या श्रीमंत गटानं नियम केलेला आहे. बॅगेच्या किमतीतला निदान तिसरा हिस्सा इथल्या कामातून आलेला पाहिजे. काम जितका वेळ चालतं तितकी त्याची किंमत. मालकानं कागदावर अस्तराला दहा-बारा मिनिटं लावली असणार, त्याशिवाय तो हिशेब जुळतच नाही.

"ती बाई तुझा हात बघायला आली नव्हती," तो म्हणाला. "बॅग इथं बनते की इथून नुसती जाते, ते बघायला आली होती."

मावशींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी असते, तर बॅग इथली ठरली असती?"

"हो," नाकेदार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुपरवायझरला गाठलं. "एवढंच होतं तर मला नीट सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू, मावशी?" तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "मालकानं कागदावर खोटं लिहिलंय हे शंभर बायकांना सांगू? सावकाश करा म्हटलं होतं ना मी?"

म्हटलं होतं, हे खरंच होतं. ज्याला नीट सांगायचं धाडस नव्हतं तोही सुटला आणि ज्यानं खोटं लिहिलं तोही सुटला. अडकल्या त्या एकट्या मावशी, कारण त्या खरं बोलल्या होत्या आणि तेही तोऱ्यात.

पत्र यायला सहा आठवडे लागले. ऑफिसातल्या कारकुनानं ते फाटकाशी उभं राहून वाचून दाखवलं. ह्या बॅगा ह्या देशाच्या धरता येत नाहीत, सबब पुढच्या महिन्यापासून पूर्ण कर लागू. खाली कामांची यादी होती. चाकं बसवणं अमुक सेकंद, दांडा बसवणं तमुक. आणि मग, अस्तर शिवणं, दोन मिनिटं दहा सेकंद, प्रत्यक्ष पाहिलं. कारकुनानं तिथं वर बघितलं नाही. बायकांनीही मावशींकडे बघितलं नाही, आणि त्यांनी बघून दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढ्या देशांनी एवढी सह्यांची बाडं केली, त्यात मावशींची दखल घेतली गेली ती ह्या एका ओळीत, आणि तीही बिननावाची.

आपल्या सरकारनं दाद मागितली असती तर काही झालं असतं, असं लोक बोलत. सरकारनं मागितली नाही. त्याला त्याच गटाला गहू विकायचा होता, आणि गव्हाच्या बोलण्यात बॅगा कशाला आणायच्या? दोन महिन्यांत लांब मानेची मशीनं खोक्यांत बंद होऊन तिसऱ्याच देशात गेली. तिथली मजुरी आणखी कमी आहे, असं नाकेदारानं वाचलं.

"हे बघ, तू बारा मिनिटं लावली असतीस तरी फार तर दोन वर्षं," एकदा तो समजूत घालायला म्हणाला. "मग नियम बदलला असता, नाहीतर मालकाला दुसरा देश मिळाला असता. हे जायचंच होतं."

"दोन वर्षंच हवी होती," मावशी म्हणाल्या.

त्यानंतर नाकेदारानं घरात कुठल्या देशाचं नाव काढलं नाही.

लेकीनं कोर्स अर्धा सोडला. श्रीमंत गटातल्या एका देशात म्हाताऱ्यांची उठबस करायला मुली हव्या होत्या, त्याला अर्धवट शिक्षण चालत होतं. पगार पुऱ्या नर्सच्या निम्मा, पण तिकीट तेच देणार होते. गटाच्या दारातून बॅग जाईना तर माणूस जात होता, आणि तेही तीन वर्षांच्या करारावर.

निघायच्या दिवशी सकाळी लेक बाजारातून चाकांची बॅग घेऊन आली. त्या घरात अशी बॅग पहिल्यांदाच आली होती. मावशींनी ती पलंगावर उघडली आणि आतून हात फिरवला. अस्तर दुसऱ्याच कुणीतरी शिवलेलं. चारही कोपऱ्यांना चुण्या, एका ठिकाणी टाका सुटलेला. कुणीतरी नवी बाई असणार, दहा-बारा मिनिटं लागणारी.

"असू दे गं आई, आतून कोण बघतंय?" लेक म्हणाली.

मावशींनी ऐकलं नाही. चष्मा लावला, ब्लेडनं चारही कोपरे उसवले आणि सुईदोरा घेऊन हातानं शिवायला बसल्या. लेकीनं कपड्यांच्या घड्या पलंगावर मांडून ठेवल्या. नाकेदार दोनदा रस्त्यावर जाऊन बस कुठून सुटते ते बघून आला. दुपारचे तीन वाजले, चार वाजले. मावशींचे दोनच कोपरे झाले होते. त्या एक टाका घालत, बोटानं चाचपत, पुन्हा काढत.

"आई, साडेपाचची बस आहे," लेक म्हणाली. "तुझं तर हे दोन मिनिटांचं काम ना?"

"हातानं वेळ लागतो," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी तिसरा कोपरा पुन्हा उसवला.