बोडीतल्या हाताची गोष्ट

ज्या पुस्तकाला भिऊन मी लहानपणी बोडीकडे फिरकत नसे, ते मी अलीकडे वेड्यासारखा शोधत होतो. आमच्याकडे गावतळ्याला बोडी म्हणतात. गोष्टीतला पोरगा शिंगाडे काढायला बोडीत उतरतो आणि वेलींखालून एक हात त्याचा पाय धरतो. काठच्या पाळीवर त्याची बहीण उभी असते. ती हाका मारते आणि पाण्यातून तिच्याच आवाजात उत्तर येतं. पुढचं मला आठवेना. पोरगा वाचला की नाही, तेवढंच मला कळायला हवं होतं.

गोंदियातल्या जुन्या पुस्तकवाल्याला विचारलं. फोनवरच्या वाचकांच्या गटात विचारलं. मराठीत असं पुस्तकच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

जिने ते वाचून दाखवलं तिला मात्र मी विचारलं नव्हतं. माझी मोठी बहीण, बाई म्हणतो मी तिला, गोंदियाजवळच्या गोरेगावकडे राहते. आईबाबा शेतावर गेले की मला सांभाळायला तिला शाळा बुडवून घरी ठेवत, तेव्हा ती वाचायची. बाबा गेल्यावर तिने शेतातल्या आपल्या हिश्शाची हक्कसोड करून दिली. तेव्हापासून ती राखीला आली नाही आणि मीही तिच्याकडे गेलो नाही.

शेवटी फोन लावला.

"बोल. अजून कुठं सही राहिली काय?"

"नाही बाई. एक पुस्तक विचारायचं होतं." मी गोष्ट सांगितली.

ती हसली. "मराठीत कायले शोधून राहिला? हिंदी होतं ते. बाबानं रद्दीतून आणलं होतं. तुले हिंदी समजत नोहोती, मंग मी आपल्या बोलीत सांगो."

"अन् बोडी?"

"पुस्तकात विहीर होती. पण तू पळून जायचा बोडीवर. बुडला असता तं मार मलेच बसला असता. म्हणून बोडी केली."

"बहीण?"

"नोहोती. मी घातली."

 रजिस्ट्री कार्यालयातला दिवस आठवला. सही करण्याआधी तिने कागद माझ्यापुढे धरला होता. "काय लिहिलं हाय, वाचून दाखव ना बाबू. कचेरीची भाषा मले नाही समजत." त्यातलं अक्षर न् अक्षर मला माहीत होतं. मी म्हणालो, "लांब आहे, बाई. सगळ्याच बहिणी देतात. कर सही." तिने केली. घरोघरी असंच चालतं, असं मी स्वतःला तेव्हापासून सांगत आलो आहे. जिने अख्खं पुस्तक माझ्यासाठी आपल्या बोलीत आणलं, तिला मी एक कागद वाचून दाखवला नाही.

हे तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते दुसरंच. "पोरगा वाचला का गं?"

"शेवटची पानं फाटली होती. एवढंच विचाराले फोन केला?"

मी हो म्हणालो.

"मंग ठेव आता. दुसऱ्याच्या बांधीत धान रोवाले जाऊन राहिली मी. उशीर झाला तं बोलतात."

फोन बंद झाला. बाबांच्या बांधीत, त्या धानाच्या शेतात, मी कधी पाय ठेवत नाही. ती मी ठेक्याने दिली आहे.