पहिल्या दिवसाची कविता

बाई कविता मनातल्या मनात वाचायच्या, शेवटच्या ओळीपाशी जरा थांबायच्या आणि कागद टेबलावर पालथा घालायच्या. “ही नको. या वर्षी नको.”

जूनमध्ये मुलं यायच्या चार दिवस आधी आम्हा शिक्षकांना शाळेत बोलावतात. आम्ही वेळापत्रक, पुस्तकांचे गठ्ठे, कुठला पंखा बंद आहे असल्या भानगडीत असायचो आणि बाई स्टाफरूमच्या खिडकीशी फाइल उघडून बसायच्या. ठाण्याजवळच्या दिवा गावातली आमची मराठी शाळा. मी गणिताचा, त्या मराठीच्या. राहायला डोंबिवलीला, एकट्याच. बोलणं इतकं शुद्ध की आमचा शिपाईसुद्धा त्यांच्यासमोर ‘पायजे’चं ‘पाहिजे’ करायचा. अशा एखाद्या बाई तुम्हालाही शाळेत असतील, पण आमच्या बाईंची एक तऱ्हा तुम्ही पाहिली नसेल. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला त्या पुस्तकाबाहेरची एक कविता वाचून दाखवायच्या आणि मुलं ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्यायची. ती कविता ठरवण्याआधी बाई वर्गातल्या एकूण एक मुलाच्या घरी फोन करायच्या.

“नमस्कार, शाळेतून बोलतेय. सुट्टीत घरी सगळं ठीक होतं ना?”

लोक वैतागायचे. एका बापाने तर चांगलंच सुनावलं, “बाई, कविता शिकवायला आमच्या घरचं कशाला पायजे तुमाला?” बाईंनी शांतपणे विचारलं, “म्हणजे काही झालंय का?” मग तो माणूस वीस मिनिटं बोलत होता. त्याची बायको घर सोडून गेली होती. बाईंनी फोन ठेवला आणि आईवरच्या तिन्ही कविता पालथ्या घातल्या.

अशा एकेक कविता गळत जायच्या. एका वर्षी घरावरची गेली, कारण वर्गातली चार मुलं ज्या इमारतीत राहत होती ती पाडायची नोटीस लागली होती. मी झऱ्यावरची सुचवली, तर म्हणाल्या, “सकाळी टँकरच्या रांगेत हंडा धरून मग शाळेत येतात हो ती.” मांजराची एक उरली, तेवढ्यात एका घरून कळलं की त्यांचं मांजर सुट्टीत गाडीखाली आलं. मी म्हणालो, “बाई, यंदा पाढेच म्हणून घ्या. पाढ्यांत कोणी मरत नाही.” त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग मांजराचीही बाजूला ठेवली आणि घरी जाऊन कुठूनशी पतंगाची एक शोधून आणली.

मला हे सगळं अतीच वाटायचं. पोरं काही काचेची नसतात, असं एकदा मी बोलूनही दाखवलं. तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

त्यांच्या नोकरीचं दुसरंच वर्ष होतं. संध्याकाळी वडील कामावरून घरी येतात आणि मुलं दाराशी धावतात, अशी साधीशी कविता त्यांनी पहिल्या दिवशी वाचली. आठवड्याने वह्या तपासायला घेतल्या. एका मुलीने सुरेख अक्षरात कविता उतरवली होती, पण मधेमधे जागा कोऱ्या सोडल्या होत्या. बाईंनी सवयीने लाल पेनने शेरा मारला, ‘शब्द सुटले आहेत. पूर्ण कर.’ दुसऱ्या दिवशी वही परत आली. मुलीने मुकाट्याने सगळ्या जागा भरल्या होत्या. पाचही ठिकाणी ‘बाबा’. तिचे वडील ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात कामाला होते. मे महिन्यात गावी कोकणात गेले आणि तिकडेच वारले. शाळेत तिला कोणी विचारलं नव्हतं आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

“मी ते तिच्याकडून लिहून घेतलं, सर,” बाई म्हणाल्या. त्यानंतर या बाबतीत त्यांची थट्टा करायची माझी छाती झाली नाही.

यंदा मे महिन्यात बाई गेल्या. रात्री झोपल्या त्या उठल्याच नाहीत. भाचीने त्यांची फाइल शाळेत आणून दिली. मराठीचे नवे शिक्षक मिळेपर्यंत सातवीचा तास मी घ्यायचा ठरला. पाचवीपासून तो वर्ग बाईंचाच होता. पहिल्या दिवशी निदान त्यांची रीत मोडू नये म्हणून मी यादी घेऊन फोन करायला बसलो.

पहिल्याच घरी मुलाची आई म्हणाली, “बाकी ठीक आहे सर. पण बाईंचं कळल्यापासून नीट जेवत नाही तो.” दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी फोन मुलीनेच उचलला आणि ‘शाळेतून’ म्हणताच आईकडे दिला. पाचव्या फोननंतर मी यादी मिटली. सुट्टीत काय झालं हे विचारायची गरजच उरली नव्हती, अख्ख्या वर्गाचं एकच झालं होतं. मग मी फाइल दोनदा चाळली. पक्षी उडून जातो, दिवा मालवतो, कोणीतरी कोणाची तरी वाट बघतं. अगदी पतंगसुद्धा शेवटी कटतोच. या पोरांपुढे वाचता येईल असं एकही पान मला सापडलं नाही. बाई असत्या तर काय केलं असतं, हे सारखं मनात यायचं आणि माझाच मला राग यायचा.

वर्गात गेलो. सगळ्यांच्या नव्या वह्या उघडलेल्या.

“सर, कविता?” दुसऱ्या बाकावरच्या मुलीने विचारलं.

“यंदा सापडली नाही गं.”

“फाइल तर आणलीय तुम्ही.”

“आणलीय. पण कुठलीही वाचली तरी तुम्हाला रडू येईल.”

“मग येऊ दे ना सर. असंपण येतंच आहे. कुठलीपण वाचा.”

मी हाताला आलेलं पान काढलं. दोन ओळी वाचल्या, तिसरीवर अडलो. इतकी वर्षं फळ्यासमोर उभा आहे, पण असं कधी झालं नव्हतं. ती मुलगी उठून आली, माझ्या हातातून कागद घेतला आणि मी थांबलो होतो तिथून वाचू लागली. मागच्या बाकांवरून हुंदके येत होते, पण ती थांबली नाही. पोरं शर्टाच्या बाहीने नाक पुसत लिहून घेत होती. त्यातलाच एक जण मान वर न करता मला म्हणाला, “सर, तिला जरा हळू वाचायला सांगा ना. लिहायचं राहतंय.”