मामींच्या आंघोळीचं पाणी

माझ्यावर सगळ्यांत मोठे उपकार कुणाचे असं कुणी विचारलं, तर मी मामींचं नाव घेतो. आईवडिलांनी केलं ते केलंच. पण मामींवर कसलीच सक्ती नव्हती.

माझं गाव धाराशिवकडच्या वाशी तालुक्यात. तिथं शाळा सातवीपर्यंत होती, म्हणून आठवीला मला कळंबला मामांकडे ठेवलं. मामा मार्केट यार्डात मापाडी होते. दिवसभर तूर-हरभऱ्याची पोती काट्यावर घ्यायची आणि वजन ओरडून सांगायचं, हे त्यांचं काम. मी दहावी झालो तेव्हा त्यांनी एका आडतीवर मुनीमाच्या हाताखाली माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्या घराण्यात तोवर दहावीच्या पुढं कुणी गेलंच नव्हतं. मामी परातीत पीठ मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “आडत कुठं पळून जात न्हाय. शिकू द्या त्याला.” मामांनी विषय पुन्हा काढला नाही. तेवढ्या बोलण्यावर मी बी.एस्सी. झालो, बी.एड. झालो, आणि आज धाराशिवला एका शाळेत गणित शिकवतो.

मामांना जाऊन काही वर्षं झाली. त्यांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. मामी कळंबच्या घरात एकट्या राहतात. पुण्याला राहून झालं, माझ्याकडे राहून झालं. दोन्हीकडून त्या पिशवी भरून परत गेल्या. घरखर्चाचं मुलगा बघतो, दवाखान्याचं मी. अशी आमची न बोलता वाटणी झालेली आहे.

मागच्या दिवाळीनंतर मामींचा खोकला थांबेना. दारापासून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या तरी भिंत धरून उभ्या राहू लागल्या. मी त्यांना लातूरला नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, नळीत फुंकायला लावलं आणि मला विचारलं, आजी विडी ओढतात का? मामींना कमी ऐकू येतं, पण नेमकं नको ते बरोबर ऐकू येतं. “विडी न्हाय बाबा,” त्या म्हणाल्या, “बंब ओढला.” डॉक्टर हसले नाहीत. मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं की फुप्फुसं धुरानं गेली आहेत, उरली आहेत तेवढी सांभाळायची. धूर थांबला नाही तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत घरी ऑक्सिजन लावावा लागेल, आणि त्याच्यावर किती दिवस निघतील हे त्यांना सांगता येत नव्हतं.

परतीच्या एसटीत मामी खिडकीला डोकं टेकून झोपल्या. मी ठरवलं, बंब बंद करायचा.

मला वाटलं होतं, पाणी दुसऱ्या कशावर तरी तापवलं की झालं. पण मामींच्या घरात पाण्याचाही एक क्रम आहे. आम्ही लिंगायत, आणि त्यांचं माहेर कर्नाटकाच्या हद्दीजवळचं, त्या सोवळ्याला मडी म्हणतात. आधी आंघोळ, मग गळ्यातल्या लिंगाची पूजा, मग न्याहारी. आंघोळीआधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. त्यामुळे गॅसवर पाणी तापवायचा प्रश्नच नव्हता. अंगणातला तांब्याचा बंब, त्यात तुराट्या आणि ज्वारीची धसकटं, असं पन्नासेक वर्षं चाललेलं. पाण्यात सोडायच्या विजेच्या रॉडनं मामांना एकदा झटका बसला होता, तेव्हापासून तो माळ्यावर पडून. विजेचा गीझर लावावा तर घराचं वायरिंग जुनं, आणि पहाटे लाइट असेल याची खात्री नाही. सगळं वजा करून शेवटी सोलर उरला.

तो बसवायला तीन-चार रविवार गेले. मागची खोली माळवदाची, मातीच्या छताची, तिच्यावर वजन ठेवता येत नाही. पुढच्या खोलीवर तेवढा स्लॅब आहे. सोलरवाल्याचं म्हणणं, गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच पाहिजे, नाहीतर पाणी चढणार नाही. मग लोखंडी स्टँड करायला टाकला. स्टँडवाला म्हणायचा मंगळवारी देतो, आणि कुठल्या मंगळवारी ते सांगायचा नाही. मी शाळा करून रविवारी धाराशिवहून एसटीनं जायचो, दिवसभर छतावर उभा राहायचो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत यायचो. माझंही वय पन्नाशीला आलं आहे. पण नळ सोडला आणि हाताला चटका बसला, तेव्हा वाटलं, संपलं एक काम.

पुढच्या रविवारी गल्लीत शिरलो तर अंगणातून धूर वर येत होता.

मी विचारलं, सोलरचं पाणी गार येतं का? मामी म्हणाल्या, कढत येतं, भांडी झकास निघतात. मग आंघोळीला बंब कशाला, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी वर्गातल्या ढ पोराकडे बघतो.

“रातभर टाकीत बसलेलं पाणी ते. शिळ्या पाण्यानं आंघोळ करून लिंगाला हात लावू व्हय?”

मी म्हणालो, नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते हौदातच असतं ना सगळे दिवस? ते शिळं होत नाही का?

“ते कच्चं पाणी, मास्तर. जवारी वरीसभर पोत्यात ऱ्हाती, तिला कुणी शिळी म्हणतं का? भाकरी मातर एका रातीत शिळी. तापलं आन् रात गेली की ते शिळंच.”

मी गणिताचा माणूस. त्यांचं गृहीतक धरलं की पुढची मांडणी बरोबर होती.

मग मीच एक तोड काढली. संध्याकाळी सोलरची टाकी मोकळी करायची, गार पाणी बंद ठेवायचं, सकाळी नवं पाणी सोडायचं आणि ते तापलं की अकरा-बाराला आंघोळ करायची. म्हणजे पाणी त्याच दिवशीचं. मामी लगेच तयार झाल्या. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. त्यांना मधुमेहाची गोळी आहे, सकाळी एक आणि रात्री एक. सकाळची न्याहारीबरोबर घ्यायची असते, आणि न्याहारी पूजेनंतर. पूजा दुपारवर गेली, तशी न्याहारी आणि गोळीही गेली, आणि रात्रीच्या गोळीवर पोट दुपारपर्यंत रिकामं राहिलं. शेजारी शिवणकाम करणाऱ्या भाभी आहेत, त्या दिवसातून एकदा तरी डोकावतात. त्यांना मामी उंबऱ्यावर बसलेल्या दिसल्या, घामानं भिजलेल्या, बोलणं नीट उमटत नव्हतं. भाभींनी त्यांच्या तोंडात साखर घातली आणि मला फोन केला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहाटेचा बंब सुरू झाला.

तो हिवाळा मला थकवून गेला. रागावण्याइतकंही काही घडत नव्हतं. दर रविवारी मी जायचो, मामी जेवायला वाढायच्या, खोकायच्या, पुन्हा वाढायच्या. मी काही बोललो तर म्हणायच्या, आता किती वर्षं राहिली, कशाला जीव आटवतोस. पुण्याला फोन केला की त्यांचा मुलगा म्हणायचा, दादा, तुमचंच ऐकते ती, तुम्हीच सांगा. बायको म्हणाली, आता सोडून द्या, त्यांचं त्यांना करू द्या. मला ते पटत होतं आणि करता येत नव्हतं. जेवण झालं की मी छतावर जाऊन उगाच टाकीला हात लावून बघायचो. आत पाणी तापून बसलेलं असायचं, भांडी घासण्यापुरतं.

उन्हाळा लागला तशा मामी आणि भाभी कुरड्यांच्या नादाला लागल्या. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक शिजवून कुरड्या घालायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या, हे त्यांचं दरवर्षीचं. माळवदावर माती लागते म्हणून वाळवण स्लॅबवर. मामी सोलर बसल्यापासून वर गेल्याच नव्हत्या. चढताना धाप लागायची. त्या दिवशी भाभींनी चिकाचं पातेलं आणि सोऱ्या पुढं नेला, आणि मामी दर दोन पायऱ्यांना बसत बसत वर आल्या. मी मागून, त्या पडल्या तर धरायला.

वर आल्यावर त्यांनी सोलरच्या काचेच्या नळ्या पहिल्यांदा जवळून बघितल्या. आधी लांबूनच बोट लावलं, मग पूर्ण हात ठेवला.

“काच तर गार हाय की. जाळ कुठं केलाय?”

मी म्हणालो, जाळ नाही मामी. जाळ कुठंच नाही.

“मग आत करंट आसंल.”

करंटही नाही म्हणालो. नुसतं ऊन आत जातं आणि अडकतं, त्यानंच पाणी तापतं. मामी नळ्यांच्या वरच्या टोकापासून खालपर्यंत बघत राहिल्या. हिवाळाभर मी त्यांच्याशी ताजं आणि शिळं यावर बोलत होतो. सोलर म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच असणार, असं धरून चाललो होतो. त्यांच्या मनात मात्र छतावर एक शेगडी होती, जी मी बसवली होती आणि जी सारखी पेटलेली असायची.

मामी वाळवणासाठी अंथरलेल्या चटईशेजारी बसल्या आणि कुरड्या घालू लागल्या. मग त्या भाभींना म्हणाल्या, माझ्याकडे बघितलंच नाही: “चीक शिजवलेला आस्तो. पर उनात वाळला की वरीसभर शिळा व्हत न्हाय. खरं का न्हाय?”

भाभी म्हणाल्या, “खरंच की मावशी. कुरडई कधी शिळी होते का?”

“आन् ह्या पाण्याला तर चूलबी लागली न्हाय. नुसतं ऊन लागलंय.”

मी दुसरी चटई अंथरून दिली.

मी त्या रात्री तिथंच राहिलो. पहाटे जाग आली तर अंगणात आवाज नव्हता. न्हाणीत नळ चालू होता. सुरुवातीला नळीतलं गार पाणी येतं, ते मामी वेगळ्या बादलीत धरत होत्या. मग वाफ दाराच्या फटीतून बाहेर आली. आंघोळ करून त्या पूजेला बसल्या. पूजेत खोकल्या, नेहमीसारख्याच. मला आनंद झाला असं लिहायला हवं, पण खरं सांगायचं तर मी कूस बदलली आणि उन्हं वर येईपर्यंत झोपलो. किती दिवसांत तसा झोपलो नव्हतो.

उन्हाळाभर बंब पेटला नाही. मामी उंबऱ्यापासून भाभींच्या दारापर्यंत न थांबता जाऊ लागल्या. डॉक्टरांनी पुन्हा नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाले, घसरण थांबली आहे, असंच ठेवा.

आषाढात आभाळ भरून आलं ते उघडेना. इकडे पाऊस फार पडत नाही, पण ढग मात्र दिवसेंदिवस हलत नाहीत. सोलरचं पाणी कोमट येऊ लागलं. एके दिवशी भाभींचा फोन आला. त्या जरा घुटमळत म्हणाल्या, सर, सांगू नका मी सांगितलं म्हणून, पण मावशी परवापासून बंब पेटवतात, आणि धसकटं ओली आहेत.

मला जायला हवं होतं. चाचणी परीक्षा चालू होत्या, हे कारण होतं. पण त्याहून खरं कारण असं, की पुन्हा त्या अंगणात उभं राहून पुन्हा तेच बोलायची शक्ती माझ्यात उरली नव्हती. त्या संध्याकाळी मी इथल्या मठात गेलो आणि स्वामींना विचारून आलो. मग पत्र लिहायला बसलो. मामींना फोनवर ऐकू येत नाही. भाभींना मधे उभं राहून त्यांच्या कानात ओरडावं लागतं, आणि हे मला कुणाला ओरडायला लावायचं नव्हतं. मामी चौथी शिकलेल्या आहेत. ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचतात, पण सगळं वाचतात. म्हणून अक्षर मोठं काढलं.

तीर्थरूप मामींना,

शरणार्थ.

बंब पुन्हा पेटतो आहे असं कळलं. कुणी सांगितलं म्हणून रागावू नका. मीही तुमच्यावर रागावलेलो नाही. ढगामुळे पाणी कोमट येतं आणि तुम्हाला ते सोसत नाही, हे मला समजतं.

इथल्या मठात स्वामींना विचारलं. ते म्हणाले, आजारी माणसानं हातपाय धुऊन कपाळाला, दंडाला आणि छातीला विभूती लावली की ते स्नानच आहे. त्याला भस्मस्नान म्हणतात. ते झालं की पूजा करता येते आणि मग खाताही येतं. तुम्हाला पटलं नाही तर त्यांनी कळंबला यायची तयारी दाखवली आहे. मी त्यांना घेऊन येईन, तुम्ही स्वतः विचारा. मला विचारू नका, मला त्यातलं कळत नाही.

ढग असतील त्या दिवशी असं करा. विभूती लावून पूजा करा, न्याहारी करा, गोळी घ्या. दुपारी पाणी तापलं तर आंघोळ करा, नाहीतर राहू द्या.

लातूरला डॉक्टर काय म्हणाले ते मी तुम्हाला सौम्य करून सांगितलं होतं. ते असं म्हणाले, की धुरानं छाती गेली आहे आणि गेलेली परत येत नाही. धूर थांबला तर उरलेल्यावर बरीच वर्षं निघतील. नाही थांबला तर या हिवाळ्यात यंत्र लावावं लागेल. उन्हाळ्यात तुम्ही किती चालत होतात ते तुम्हीच बघितलं आहे.

माझ्यासाठी करा असं मी म्हणणार नाही. माझ्यासाठी तुम्ही आधीच पुष्कळ केलं आहे, आणि ते मी कशानं फेडू शकत नाही, हे मला माहीत आहे. पण मला अजून खूप वर्षं कळंबला यायचं आहे. मी आलो की दार तुम्ही उघडावं, एवढंच वाटतं.

परीक्षा संपल्या की रविवारी येतो. जेवायला येतो. वाद घालायचं त्राण आता माझ्यात नाही.

तुमचा
भाचा