तिजोरीतला डबा

केबल मीच काढायला लावली. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं ते मी कुणाकुणावर ढकललं, निदान एवढं तरी माझ्या नावावर असू दे.

आम्ही विट्याकडचे. आमच्याकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सराफांचं जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं, आणि त्यापायी देशभर कुठं कुठं जाऊन राहिलीत. माझे मालक लखनऊला चौक म्हणून जुना बाजार आहे तिथं एका गलाईच्या दुकानात कामाला आहेत. दुकानापासून चार गल्ल्या सोडून पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. नववीत माझी शाळा सुटली, हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी ओळखते पण ती एकत्र आली की मला धडकी भरते.

बाळंतपणाला आत्या आल्या, आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आणि इथंच त्यांचे गुडघे असे धरले की जिनाच उतरवेना. त्यांना हिंदी येत नाही. अख्ख्या दिवसात त्यांच्याशी मराठीत बोलणारी मी एकटी आणि मी तर बाळाच्या मागं. राहिली ती संध्याकाळी सातची मराठी मालिका. ती लागली की आत्या टीव्हीतल्या बाईशी बोलायच्या, तिला रागवायच्या, तिच्या सासूला नावं ठेवायच्या, जेवताना पण तेच. आणि एक दिवस ते चॅनलच गेलं. केबलवाल्याला विचारलं तर म्हणाला, सगळ्या मोहल्ल्यात ते तुम्हीच एकट्या बघत होता. तीन दिवस आत्या भिंतीकडं तोंड करून निजल्या. मी मालकांना म्हटलं, केबल काढून टाकू, नेट घेऊ, टीव्हीत ॲप असतं त्यात सगळे भाग मिळतात. ते म्हणाले, मी दिवसभर भट्टीपाशी, माणूस येईल तेव्हा घरी तूच असणार, तुला जमंल का? मी जमंल म्हणून टाकलं. मी नेहमी आधी म्हणते आणि मग घाबरते.

नेटचा माणूस आला तो चाळिशीचा होता, कानाजवळचे केस पिकलेले, चपला न सांगता जिन्यातच काढून आला. दोन्ही खोल्या फिरला, भिंतीवर मूठ ठोकून बघितली. चौकातली जुनी घरं ही, बारक्या विटांची, भिंत हातभर जाड. मग त्यानं पिशवीतून दोन डबे काढून माझ्यापुढं ठेवले, एकाला दोन काड्या वर आलेल्या, एकाला चार. तो म्हणाला, भिंती जाड आहेत, सिग्नल अडेल, चार काड्यांचाच घ्या. आणखी बरंच सांगत होता, कुठला बँड लांब जातो आणि कुठला जोरात जातो, आणि मी हां हां करत होते, मला काही कळत नव्हतं, आणि कळत नाही हे त्याला कळू नये एवढंच मी बघत होते.

खरं तर माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आदल्या दिवशी फोनवर कुणीतरी एक व्हिडिओ पाठवलेला, त्यात एक बाई सांगत होती की या डब्यातून किरणं निघतात, लहान बाळाची टाळू भरलेली नसते, ती सरळ डोक्यात जातात. माझं बाळ आठ महिन्यांचं. टाळूवर हात ठेवला की ती उडताना लागायची. मला वाटलं चार काड्या म्हणजे दुप्पट किरणं. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, पण मी विचारलं नाही, छोटाच द्या म्हणाले. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “जैसा आप कहें।”

टीव्हीच्या वरच्या फळीवर त्यानं तो डबा ठेवला आणि मालिका लावून दाखवली. आत्या उठून बसल्या. “आली गं बया,” असं टीव्हीतल्या बाईलाच म्हणाल्या. त्याला काही कळलं नाही तरी तो हसला.

तो गेला आणि मी डब्याकडं बघत बसले. हिरवा दिवा लुकलुक करतोय आणि खाली बरोबर तिथंच बाळ रांगतंय. आमच्या खोलीत दुकानाच्या शेठजींची एक जुनी तिजोरी पडलेली आहे, दार वाकलेलं, पुरतं लागत नाही, खाली कोण नेणार म्हणून तशीच राहिली. आमच्या लोकांत ॲसिडची बाटली, सोनं वितळवायची तापलेली मूस, मोलाचं काही, जे जपायचं आणि ज्याला भ्यायचं ते सगळं लोखंडाआड ठेवायची रीत. तिजोरी भिंतीला आवळायची असते म्हणून तिच्या पाठीला भोकं असतात. वायर कशी दाबून काढायची ते मी त्याच्या हाताकडं बघून ठेवलं होतं. दोन्ही वायरी काढल्या, भोकातून आत ओढल्या, बाळाच्या झबल्यांच्या मधे डबा ठेवला आणि दार ढकललं. मग कुठं जीव भांड्यात पडला. आत्यांना सांगितलं, नाजूक वस्तू आहे म्हणून आत ठेवली. त्या म्हणाल्या, “बरं केलंस, परमुलूख हाय.”

संध्याकाळी मालिकेतली बाई बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थांबली आणि मधे चक्र फिरायला लागलं. फिरतंय, थोडी बोलतीय, परत फिरतंय. मालकांनी दुकानातूनच फोनवर कंप्लेंट टाकली. दुसऱ्या दिवशी माणूस येतोय असा निरोप आला, आणि मला वाटलं, झबल्यांत ठेवलेला डबा बघून हा हसेल. म्हणून तो यायच्या आधी मी डबा काढून फळीवर ठेवला. त्यानं तपासलं तर सगळं नीट. तरी बिचाऱ्यानं वायरचं टोक बदललं आणि गेला. मला खरंच वाटलं, यानं दुरुस्त केलं. डबा परत आत.

संध्याकाळी परत चक्र. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मला वाटतं कळलं होतं पण मी ते बाजूला सारलं. आत्या कुरकुरत होत्या, फोनवर कंपनीनं विचारलं होतं काम झालं का, खाली एक हिरवं हसरं तोंड, एक लाल रुसलेलं तोंड, आणि मी लाल तोंड दाबलं. ते माझ्या बोटानं दाबलं.

दुसऱ्यांदा आला तेव्हा पण डबा मी आधीच फळीवर आणून ठेवलेला. त्या उन्हात तो गच्चीवर चढला, खांबापासून गच्चीपर्यंतची वायर नवी ओढली, सदरा पाठीला चिकटला होता. खाली येऊन म्हणाला, “भाभी जी, एक घर से तीन कंप्लेंट हो जाएँ तो हमारा इलाका कट जाता है। दो हो गई हैं।” मग डब्यामागचं वायरचं टोक हातात घेतलं. भोकातून ओढून ओढून त्याला तांबूस गंज लागला होता. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. मी बघतीय हे त्यानं बघितलं. मग विचारलं, डबा इथंच असतो ना? मी हो म्हणाले. तो बरं म्हणाला आणि गेला.

त्या दिवशी मी डबा बाहेरच ठेवला. दुपारभर ठेवला. पाच वाजता बाळ आत्यांच्या मांडीवर रडायला लागलं ते थांबेच ना, आणि मी घाबरून पळत जाऊन डबा आत टाकला. दात येत होते त्याला, हे नंतर कळलं. मालिकेच्या वेळी तेवढा बाहेर काढावा म्हटलं तर बाळ त्याच वेळी आत्यांच्या मांडीवर, टीव्हीसमोर. मी तिजोरीचं दार वीतभर उघडं ठेवायचे, नेट जरा चालायचं, परत बंद. शेवटी आत्यांनी लेकाला फोन केला की तुझ्या बायकोनं केबल काढून काय मिळवलं. मालकांनी मला फोन करून सांगितलं, मी तिसरी कंप्लेंट टाकली, त्यांच्या साहेबाशी पण बोललो. मी म्हटलं, राहू द्यायची होती की. ते म्हणाले, का राहू द्यायची, तो माणूस कामचोर आहे. तिथं मी बोलायला पाहिजे होतं. मी म्हटलं, जेवायला कधी येताय.

तिसऱ्यांदा तो साहेबाला घेऊन आला. साहेब त्याच्याहून लहान, कडक इस्त्रीचा शर्ट, दारातूनच सुरू.

“तीन बार एक ही घर। काम करते हो या चाय पीकर लौट आते हो?”

“चाय तो यहाँ पी ही नहीं, सर।”

साहेबानं स्वतःच्या फोनवर नेट मोजलं. भरपूर. “तुम आते हो तो चलता है, जाते हो तो बंद। जादू है क्या?” मग माझ्याकडं वळला. “भाभी जी, आप बताइए। डिब्बा यहीं रखा रहता है?”

आत्यांनी खाटेवरनं विचारलं, “काय म्हणतोय गं त्यो?” बाळ माझ्या कडेवर. सगळे माझ्याकडं बघत होते. तिजोरीचं दार अर्धवट उघडं, मी घाईत डबा ओढून काढलेला, एका झबल्याची बाही बाहेर लोंबत होती. तो माणूस त्या बाहीकडं बघत होता.

“हाँ,” मी म्हणाले. “यहीं।”

साहेबानं तिथल्या तिथं त्याच्याकडनं खांबावरच्या पेटीची किल्ली मागून घेतली. त्यानं खिशातनं काढून दिली, म्हणजे इलाका गेला. साहेब फोनवर बोलत खाली उतरला. हा पिशवी भरत राहिला, जिन्यात चपला घालताना हळूच म्हणाला, “भाभी जी, तिजोरी में मत रखिए। लोहे से सिग्नल नहीं निकलता।”

माझी मान वर होईना. मी विचारलं, “आपने बताया क्यों नहीं?”

“आप मना कर देतीं। फिर हम झूठे भी हो जाते।”

एवढं बोलून तो गेला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

मी आत येऊन आत्यांना सगळं सांगितलं, किरणांपासून. मला वाटलं आता मालिकेवरनं बोलतील.

“माणसाच्या पोटावर पाय दिलास की गं,” त्या म्हणाल्या. “जा. आत्ता जा आणि सांग त्या सायबाला. पोराला ठेव हितं.”

मी म्हटलं, मला एकटीला भीती वाटते. त्या म्हणाल्या, मग मी येऊ का रांगत? मी बाळाला तरी घेतलंच. ते कडेवर असलं की लोक कमी ओरडतात, म्हणून घेतलं, हे पण सांगून टाकते.

त्यांचं ऑफिस म्हणजे काचेच्या दाराचं एक दुकान, आत चारपाच माणसं. मी साहेबापुढं उभी राहिले आणि माझ्या हिंदीत सांगितलं. आधी कुणाला कळलंच नाही. मग एकानं विचारलं, तिजोरीत? डबा सोन्याचा होता काय? सगळे हसले. साहेब हसला नाही. म्हणाला, कंप्लेंट वर गेली, माझ्या सांगण्यानं आता काही होणार नाही. मी म्हटलं, मग मी सांगते ना वर. त्यानं जरा विचार केला आणि फोन माझ्या तोंडासमोर धरला, म्हणाला बोला, वर पाठवतो.

मी म्हटलं, डिब्बा गलती से अंदर रह गया था.

त्यानं फोन खाली घेतला. “गलती से? तीन बार?”

मग परत बोलले. तो माणूस यायच्या आधी दर वेळी मी डबा बाहेर काढून ठेवायचे, तो गेला की आत, आणि साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, त्याची काही चूक नाही. घाबरल्यावर माझी हिंदी फुटते, “मैं निकालके ठेवती थी” असं काहीतरी म्हणाले, मागं कुणीतरी परत हसलं. साहेबानं नीट आलंय का बघायला ते लावलं. माझा आवाज फोनमधून आला, खोटं बोलले म्हणणारा, आणि बाळ आई कुठं म्हणून त्या फोनकडं हात करायला लागलं. मला त्याचा हात खाली ओढावा लागला.

मालकांना संध्याकाळी सांगितलं. ताटावर बसून म्हणाले, “मी त्याला कामचोर म्हणालो.” आणि अर्धं जेवून उठले.

डबा त्या दिवसापासून फळीवर आहे. डोस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना किरणांचं विचारलं, त्यांनी काही होत नाही म्हणून सांगितलं, तरी कधी कधी माझा हात बाळाच्या डोक्यावर जातो. मालिका नीट चालते. आत्या बघतात. मी त्या वेळी शक्यतो स्वयंपाकघरात असते.

महिना-दीड महिन्यानं आमच्या वरच्या भाडेकरूकडं नेट बसवायला एक दुसराच माणूस आला, जिन्यात वायर ठोकत होता. मी दार उघडून त्याला विचारलं, आधी इथं जे यायचे ते कुठं असतात. तो म्हणाला, मधे त्यांना लांब शहराबाहेर मलिहाबादकडं टाकलं होतं, आता परत आलेत, याच इलाक्यात आहेत. मला इतकं बरं वाटलं की मी उंबऱ्यातच टेकले. म्हटलं, मग ते का नाही आले, ही तर त्यांचीच गल्ली.

त्यानं खिळा ठोकता ठोकताच सांगितलं, “बस यही मकान नहीं लेते। कहते हैं, वहाँ किसी और को भेज दो।”

“बरोबर आहे त्यांचं,” मी म्हणाले.

त्याला मराठी कळलं नाही. त्यानं वळून विचारलं, “जी?”

मी काही नाही म्हटलं आणि त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेले.