उन्हातले परकर

आईचं कपाट आवरताना गजकर्णाच्या मलमाची जुनी ट्यूब सापडली आणि तिच्या वासासरशी इथलाच, पुसेगावचा, एक भादवा आठवला. तेव्हा आईच्या कमरेला, परकराच्या नाडीखाली, लाल चट्टे उठले होते. मलम लावलं की बसायचे आणि पुन्हा उठायचे. खाजेनं तिला झोप नसायची. शेवटी आजोबा आम्हाला हिंगोलीला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "परकर कुठं वाळवता?" आई खाली बघत म्हणाली, "न्हाणीत, साडीच्या आड. ओसरीवर मामंजी बसलेले राहतात ना." "मग नुसत्या मलमानं काय होणार, बाई? ओलसर कपडा अंगावर घालू नका. उलटा करून भर उन्हात टाका." आजोबा दाराबाहेरच बाकावर होते. घरी आल्यावर त्यांनी अंगणात, जिथं दिवसभर ऊन असतं तिथं, नवी दोरी बांधली आणि ओसरीवरची आपली बाज फिरवली. म्हणाले, "सूनबाई, आजपासून मी गोठ्याकडं तोंड करून बसणार. बैलं काई मला लाजत न्हाईत." आई पदरात तोंड लपवून हसली. दिवाळीपर्यंत तिची कातडी स्वच्छ झाली. आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली, आता आईही गेली. आज आईचे परकर कुणाला तरी द्यायचे म्हणून धुतले आणि त्याच दोरीवर उलटे करून टाकले. घरात कुणीच नव्हतं. मी बाजेवर येऊन बसले आणि परकर वाळेपर्यंत रिकाम्या गोठ्याकडे बघत राहिले.